सात पंधराची गाडी

बाबांनी सव्वीस वर्षं पुणे-मुंबई अप-डाऊन केलं. सकाळी सात पंधराची डेक्कन क्वीन, संध्याकाळी परतीची तीच. कचेरीतल्या निरोपसमारंभात ते जे बोलले, त्यातली एकच गोष्ट माझ्या लक्षात राहिली आहे: इतक्या वर्षांत ही गाडी त्यांची एकदाही चुकली नाही. घाटात दरड कोसळून गाडीनं कधी दगा दिला असेल, बाबांनी गाडीला दिला नाही.

निवृत्तीला आता वीस वर्षं होत आली. आणि महिन्यातून एकदा तरी, पहाटे, बाबांची गाडी चुकते.

स्वप्न बहुतेक सारखंच असतं. बाबा स्टेशनाच्या पुलावर उभे असतात. खाली गाडी लागलेली. हातात स्टीलचा डबा, आणि त्याचं झाकण लागत नाही. एका बाजूची कडी बसली म्हणून हात काढावा तर दुसऱ्या बाजूची सुटते. रस्सा झाकणाखालून ओघळायला लागतो. तो शर्टावर सांडेल, शर्ट कचेरीचा आहे, म्हणून आधी झाकण, मग जिना, असं चाललेलं असताना गाडी हलते. शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा लांब जाताना दिसतो. जाग येते तेव्हा छातीत धडधडत असतं आणि उजव्या हाताची बोटं आवळलेली असतात.

एकदा सकाळच्या चहाला ते हे सांगत होते. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. ती तशीच म्हणाली, "मलाही पडतं हे."

आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो.

"म्हणजे तुमच्यासारखं नाही. मी घरातच असते. कणीक सैल झालेली असते, पोळी तव्याला चिकटते. दुसरी लाटावी तर तीही चिकटते. आणि तुम्ही दारात बूट घालून उभे. बोलत नाही काही. नुसते उभे."

ती सव्वीस वर्षं पहाटे साडेचारला उठली होती. गाडी बाबांना पकडायची असायची, पण ती चुकण्याची धास्ती दोघांनी वाटून घेतली होती. हे आम्हाला कळायला इतकी वर्षं जावी लागली. "पहाटेची स्वप्नं खरी होतात म्हणतात," आई पुढे म्हणाली, "पण ही कशी खरी होणार? आता गाडीच नाही." तिच्या त्या प्रश्नामुळे मी या विषयावर वाचायला लागले.

गाडी चुकण्याचं स्वप्न फार लोकांना पडतं. इतक्यांना, की स्वप्नांचा अभ्यास करणाऱ्यांनी नेहमीच्या स्वप्नांची जी प्रश्नावली बनवली आहे, तिच्यात त्याचं स्वतंत्र कलम आहे: उशिरा पोचणं, उदाहरणार्थ गाडी चुकणं. कॅनडात टोर निल्सन आणि सहकाऱ्यांनी हजारावर विद्यापीठीय विद्यार्थ्यांना ही प्रश्नावली दिली आणि निष्कर्ष २००३मध्ये प्रसिद्ध केले. कुणीतरी पाठलाग करतंय, आपण उंचावरून पडतोय, शाळा आणि अभ्यास ही स्वप्नं वरच्या क्रमांकांवर होती. पण उशीर होण्याचं स्वप्नही सुमारे ६० टक्के मुलांनी आयुष्यात कधी ना कधी पाहिलेलं होतं. ही विशी-बाविशीची मुलं. बाबांच्या वयाला पोचेपर्यंत त्यांच्या किती गाड्या चुकतील!

आपल्याकडे स्वप्नांचा विचार फार जुना आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य जनकाला स्वप्नाबद्दल सांगतो तेव्हा उदाहरण घेतो ते प्रवासाचंच. स्वप्नात रथ नसतात, ओढणारी जनावरं नसतात, रस्तेही नसतात, पण झोपलेला माणूस ते सगळं स्वतः निर्माण करतो. मला हे फार मोलाचं वाटतं. स्वप्नातली गाडी कुणी पाठवलेली नसते. रूळ, डबे, वेळापत्रक आणि उशीर, सगळं ज्याचं त्यानं घडवलेलं असतं.

चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं आणि कल्पिलेलं, या पाच प्रकारांना चरक निष्फळ म्हणतो. त्यांवरून पुढचं काही सांगता येत नाही. भविष्य सुचवणारं ते भाविक, आणि शरीरातले दोष बिघडल्यामुळे पडणारं ते दोषज. वैद्याचं लक्ष या शेवटच्या दोघांकडे. म्हणजे सव्वीस वर्षं गाडी पकडलेल्या माणसाला पडणारं गाडीचं स्वप्न चरकाच्या हिशोबात सरळ 'अनुभूत'मध्ये जातं आणि त्यात शकुन-अपशकुन शोधायचं कारण उरत नाही. पंचांगांच्या शेजारी मिळणाऱ्या स्वप्नफलाच्या पुस्तिकांना हा संयम नाही. एकीत गाडी चुकणं म्हणजे धनहानी, दुसरीत मोठं संकट टळणं. दोन्ही पुस्तिका मी एकाच टेबलावरून, एकाच दिवशी विकत घेतल्या.

खरं तर हे स्वप्न आजच्या रूपात फार जुनं असूच शकत नाही. गाडी चुकायला आधी मिनिट लागतं. बैलगाडी थांबते, होडी भरतीची वाट बघते, बरोबरचे प्रवासी हाका मारतात. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली, आणि त्या दिवसापासून कुणासाठीही न थांबणारी एक गोष्ट आपल्या आयुष्यात आली. तिच्या मागोमाग घड्याळाचा घोळही आला. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची आणि मुंबईची घड्याळं मुंबईच्या सूर्यावर. दोन्हींत जवळपास अर्ध्या तासाचं अंतर. घरचं घड्याळ बरोबर असूनही गाडी निघून गेलेली असू शकत होती. १ जानेवारी १९०६पासून सगळ्या देशाची एक प्रमाणवेळ ठरली, पण मुंबईकरांनी आपली वेळ सोडायला कडाडून विरोध केला. मुंबईची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती आणि शहरानं ती पुढे कित्येक दशकं जपली. एकाच शहरात दोन घड्याळांवर दोन पिढ्या वाढल्या. त्यांच्या स्वप्नांची नोंद कुणी ठेवली नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्याआधी वेळ चुकण्याची धास्ती नव्हती असं मात्र नाही. ती मुहूर्ताची होती. लग्नघरात पाण्यावर तरंगणारं घटिकापात्र, बुडाला बारीक भोक असलेली ती तांब्याची वाटी, चोवीस मिनिटांत भरून बुडायची आणि तिच्यावर नजर ठेवायला एक माणूस बसवलेला असायचा. प्रवासाचा मुहूर्त गाठता येणार नसेल तर 'प्रस्थान' ठेवायची रीत होती: ठरल्या वेळी सुपारी किंवा कपड्यांचं गाठोडं शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं, म्हणजे प्रवास सुरू झाला असं धरायचं, आणि स्वतः सवडीनं निघायचं. उशिराला इतकं समजून घेणारी दुसरी युक्ती मला माहीत नाही. सात पंधराच्या गाडीला प्रस्थान ठेवता येत नाही.

आपण बोलतो कसं, तेही पाहण्यासारखं आहे. 'मी गाडी चुकवली' असं क्वचितच कुणी म्हणतं. म्हणतात, 'माझी गाडी चुकली.' वाक्यात चुकते ती गाडी, माणूस बाजूला उभा. पण शब्द आहे 'चूक' या घराण्यातला. दोष नक्की कुणाचा हे बोलणाऱ्यानं मोघम ठेवलेलं असतं, आणि स्वप्नातही तो तसाच मोघम असतो. झाकण लागत नव्हतं, यात बाबांची चूक काय? तरी जाग येते ती अपराध्यासारखी.

मराठीत 'गेले' या एका शब्दाला जो अर्थ आहे, त्याच्याजवळून सिग्मंड फ्रॉइडच्या उत्तराकडे जाता येतं. 'स्वप्नांचा अर्थ' हा त्याचा ग्रंथ १८९९च्या नोव्हेंबरात बाहेर पडला. मुखपृष्ठावर मात्र १९०० हे साल छापलं होतं. गाडी चुकण्याचं स्वप्न फ्रॉइडनं परीक्षेच्या स्वप्नाशेजारी बसवलं आणि सगळ्यांच्या अपेक्षेच्या उलट सांगितलं: हे दिलासा देणारं स्वप्न आहे. निघून जाणं हे मरणाचं सर्वांत ओळखीचं प्रतीक. झोपेत माणसाला मरणाची भीती वाटते, आणि स्वप्न त्याला समजावतं, घाबरू नकोस, तुझी गाडी गेली, तुला जायचं नाहीये. फलाटावर राहिलेला माणूस म्हणजे वाचलेला माणूस.

हे लिहिणाऱ्या फ्रॉइडला स्वतःला आगगाडीची धास्ती होती. तो गाडीच्या कितीतरी आधी स्टेशनवर जाऊन बसायचा. लहानपणी, तीन वर्षांचा असताना, घरच्यांबरोबर गाव सोडून जाताना ब्रेस्लाऊच्या स्टेशनवर त्यानं पहिल्यांदा गॅसचे दिवे पाहिले आणि ते त्याला नरकात जळणाऱ्या आत्म्यांसारखे वाटले, असं त्यानं १८९७मध्ये आपल्या मित्राला, फ्लीसला, पत्रात लिहिलं आहे. पुढे १९३८च्या जूनमध्ये, नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यानंतर, याच माणसानं ब्याऐंशीव्या वर्षी व्हिएन्नाहून पॅरिसची गाडी धरली. ती चुकली असती तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. त्याच्या चार बहिणी मागे राहिल्या आणि नाझींच्या छळछावण्यांमध्ये संपल्या. फलाटावर राहणं म्हणजे वाचणं, हे त्या घराच्या बाबतीत तरी खरं ठरलं नाही.

दिलाशाची फ्रॉइडची ही उपपत्ती मला पटत नाही. दिलासा मिळालेला माणूस धडधडत्या छातीनं उठत नाही. पण परीक्षेच्या स्वप्नाबद्दल त्यानं जे टिपलं आहे, ते विसरता येत नाही. आपण ज्या परीक्षेत नापास झालो ती स्वप्नात येत नाही, जी पास झालो तीच येते, असं त्यानं नोंदवलं आहे. तो स्वतः न्यायवैद्यकात नापास झाला होता आणि त्या विषयाचं स्वप्न त्याला कधीच पडलं नाही. पडायची ती वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्राची, ज्यांत तो पास होता. मी हे वाचलं आणि बाबांचं वाक्य आठवलं: एकदाही चुकली नाही. ज्याची गाडी जागेपणी कधी चुकत नाही, त्याच्या डोक्यावर ती चुकण्याचं ओझं सर्वांत जास्त असतं. वेळेची पर्वा नसलेल्या माणसाला हे स्वप्न पाडून घ्यायचं कारणच काय?

कार्ल युंगनं सांगितलेली एक हकिगत या विषयातली सर्वांत समृद्ध आहे असं मी मानते. १९३५मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये दिलेल्या व्याख्यानांत त्यानं ती सविस्तर सांगितली. त्याच्याकडे चाळिशीतला एक गृहस्थ आला. मोठ्या शाळेचा प्रमुख, हुशार, गरीब शेतकऱ्याच्या घरातून वर आलेला. त्याला चक्कर यायची, छाती धडधडायची, मळमळायचं, गळून गेल्यासारखं व्हायचं. स्वित्झर्लंडमध्ये उंच डोंगरावर चढलेल्यांना होतं, नेमकं तसंच. आणि त्याला अजून वर जायचं होतं: लाइपझिगच्या विद्यापीठात प्राध्यापकाची जागा हवी होती.

त्याच्या स्वप्नात त्याला महत्त्वाच्या परिषदेला जायचं आहे. वेळ होत आली आहे आणि टोपी सापडत नाही. कोट सापडत नाही. सगळं मिळवून घराबाहेर पडतो तर कागदांची बॅग राहिली. पुन्हा घरात. मग स्टेशनकडे धावतो, पण रस्ता दलदलीसारखा मऊ झालेला, पाय उचलत नाहीत. धापा टाकत पोचतो तेव्हा गाडी नुकतीच सुटलेली असते. तो तिच्याकडे बघत राहतो. रूळ नागमोडी वळणाचे आहेत, गाडी लांबलचक आहे, शेपूट अजून वळणातच आहे. त्याच्या मनात येतं, पुढे सरळ रूळ लागताच ड्रायव्हरनं एकदम वेग दिला नाही म्हणजे मिळवली. ड्रायव्हर नेमका पूर्ण वाफ सोडतो. मागचे डबे रुळांवरून उडतात आणि तो किंचाळून जागा होतो.

युंग म्हणाला, तो ड्रायव्हर तुम्हीच. इंजिन पुढे धावतंय आणि मागे वळणात तुमचं सगळं आलेलं आयुष्य आहे, ते गाव, ती गरिबी, थकलेलं शरीर. थांबा. त्या गृहस्थाला हे मानवलं नाही. तो आपल्या महत्त्वाकांक्षेच्या मागे गेला आणि थोड्याच काळात, युंगच्या सांगण्याप्रमाणे, स्वप्नात दिसलं तसंच त्याचं आयुष्य रुळावरून घसरलं.

ही हकिगत बहुतेक जण ड्रायव्हरसाठी सांगतात. मी ती पुन्हा पुन्हा वाचली तेव्हा माझी नजर टोपीवर आणि बॅगेवर अडकली. गाडी चुकण्याच्या स्वप्नात गाडी असते किती वेळ? शेवटचे दोन क्षण. त्याआधीचं सगळं स्वप्न न सापडणाऱ्या, न मिटणाऱ्या, न भरणाऱ्या वस्तूंचं असतं. युंगनंही त्या अडथळ्यांकडे दुर्लक्ष केलं नव्हतं. माणसाच्या आतलंच काहीतरी त्याला निघू देत नाही, असं तो म्हणतो. म्हणून मी हे स्वप्न सांगणाऱ्या प्रत्येकाला आता एकच विचारते: तुम्ही कशासाठी मागे फिरलात? गाडी सगळ्यांची सारखीच असते, पण कुणी गॅस बंद केला का ते बघायला परततं, कुणाच्या हातातलं लहान मूल चप्पल घालू देत नाही, कुणाचा पास दुसऱ्या शर्टाच्या खिशात राहतो. बाबांच्या हातात डबा असतो. तो डबा आईनं भरलेला असतो, आणि तो टाकून पळायचं बाबांना स्वप्नातही सुचत नाही.

आता शरीराचं. १९५३मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिलं की झोपेत ठरावीक अंतरानं डोळ्यांची बुबुळं बंद पापण्यांखाली भराभर हलतात, आणि त्या वेळी उठवलेला माणूस बहुधा स्वप्न सांगतो. सुमारे नव्वद मिनिटांनी ही अवस्था पुन्हा येते. रात्रीच्या सुरुवातीला ती काही मिनिटांचीच असते, पहाटेकडे लांबत जाते. सर्वांत लांब आणि चित्रमय स्वप्नं पहाटे पडतात आणि त्यांतूनच थेट जाग येते, म्हणून तीच लक्षात राहतात. पहाटेच्या स्वप्नाला आपल्याकडे जो मान आहे, त्याच्यामागे हे असावं. या अवस्थेत हातापायांचे स्नायू सैल पडून जवळपास निकामी होतात; फ्रान्समध्ये मिशेल जुव्हेनं हे मांजरांवर दाखवलं. स्वप्नातला रस्ता दलदलीसारखा होतो आणि पाय उचलत नाहीत, त्याचा या सैल पडण्याशी संबंध असावा असं काही अभ्यासकांना वाटतं. याच वेळी भीती आणि काळजी हाताळणारे मेंदूचे भाग जोरात काम करत असतात आणि कपाळामागचा, नियोजन करणारा, वेळेचा हिशोब ठेवणारा भाग मंदावलेला असतो. म्हणजे घाई पुरेपूर जागी आणि घाई निस्तरणारा कारभारी झोपलेला. अशा अवस्थेत झाकण लागेल कसं?

बाबा आजही गजराशिवाय पाच वाजायच्या आत उठतात. त्यालाही आधार आहे. जर्मनीत यान बोर्न आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. झोपण्यापूर्वी काही जणांना सांगितलं की सकाळी सहाला उठवू, काहींना सांगितलं नऊला. ज्यांना सहाची वेळ दिली होती, त्यांच्या रक्तात उठण्याची तयारी करणारं संप्रेरक तासभर आधीच वाढायला लागलं. झोपेतही शरीर घड्याळ बघत असतं. सव्वीस वर्षं बघितलेलं घड्याळ ते एका निरोपसमारंभानं विसरत नाही.

आणि या सगळ्याचा काही उपयोग होत असावा का? पॅरिसमध्ये इझाबेल आर्न्युल्फ आणि सहकाऱ्यांनी वैद्यकीय प्रवेशाच्या अवघड परीक्षेला बसलेल्या मुलांना त्यांची स्वप्नं विचारली. ७१९ जणांनी उत्तरं दिली. त्यांतल्या ६० टक्के मुलांना आदल्या रात्री परीक्षेचंच स्वप्न पडलं होतं आणि अशा स्वप्नांपैकी ७८ टक्क्यांत काहीतरी बिघडत होतं. मुख्यतः दोन गोष्टी: उत्तर आठवत नाही, आणि पोचायला उशीर होतो. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पुढे आढळलं ते असं, की ज्यांना परीक्षेचं स्वप्न पडलं होतं त्यांनी प्रत्यक्षात अधिक चांगले गुण मिळवले. स्वप्नानं गुण वाढवले असं यावरून म्हणता येत नाही; ज्याला जास्त तळमळ त्याला स्वप्नही आणि गुणही, असंही असेल. पण दहावी-बारावीची मुलं घाबरून सांगतात, 'केंद्रावर उशिरा पोचल्याचं स्वप्न पडलं, आता काय होणार?' त्यांना हा अभ्यास कुणीतरी जवळ बसवून सांगावा असं मला फार वाटतं.

विमानाचं स्वप्न याच कुळातलं, पण त्यात सामान वाढतं. पासपोर्ट, व्हिसा, वजनकाटा, बंद होणारं गेट. माझा एक शाळासोबती न्यू जर्सीत असतो. २३ मार्च २०२०पासून भारतात येणारी नियमित विमानं बंद झाली आणि त्या मे महिन्यात त्याचे वडील साताऱ्याला गेले. त्यानं अंत्यसंस्कार फोनच्या पडद्यावर पाहिले. त्याला पडणारं स्वप्न असं: विमान उभं आहे, वेळ आहे, सगळं आहे, फक्त काउंटरवरची बाई त्याची बॅग पुन्हा पुन्हा काट्यावर ठेवायला सांगते. तेवीस किलोंच्या वर जातेय. तो उघडतो, काहीतरी काढतो, पुन्हा ठेवतो, तरी वर जाते. मी विचारलं, काय काढतोस? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "चॉकलेटं काढतो, बूट काढतो, सगळं काढतो गं. बाबांच्या शुगर तपासायच्या पट्ट्या आहेत, त्या काढत नाही." त्या पट्ट्यांना वजन असं नसतंच. फ्रॉइड, युंग, मेंदूची छायाचित्रं, मला या स्वप्नापुढे कशाचीच गरज वाटली नाही. कुठल्या पुस्तिकेत 'विमान चुकणे' या शब्दापुढे याचा अर्थ छापता येईल?

अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ अर्नेस्ट हार्टमन म्हणायचे की स्वप्न आधी भावना उचलतं आणि मग तिला शोभेल असं चित्र शोधतं. आगीतून वाचलेल्या माणसाला आगीऐवजी समुद्राची महाकाय लाट दिसू शकते, कारण दोन्हींतली भीती एकच. उशीर झाला, आपल्याकडून राहून गेलं, या भावनेला आपल्या काळात गाडी आणि विमान ही चित्रं सापडली आहेत. एका बाईंना गाडी चुकल्याचं स्वप्न मुलीच्या लग्नाच्या वर्षी पडायचं, पुढे सासूबाईंच्या आजारपणात. चित्र एकच, भावनेचा पत्ता दर वेळी नवा. म्हणून हे स्वप्न पडलं की त्या आठवड्यात काय अर्धवट राहिलंय ते बघावं. बहुतेकदा ते हाताशीच असतं.

ज्यांना असं स्वप्न रोज छळतं, झोपायचीच भीती वाटते, त्यांनी डॉक्टरांना जरूर दाखवावं. त्यासाठी एक साधा, तपासलेला उपाय आहे. अमेरिकेत बॅरी क्रॅको यांनी अत्याचार सोसलेल्या स्त्रियांच्या भयस्वप्नांवर तो वापरला आणि २००१मध्ये त्याचे चांगले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसा, जागेपणी, तेच स्वप्न घ्यायचं, त्यात आपल्याला हवा तो बदल करायचा आणि नवं स्वप्न रोज थोडा वेळ डोळ्यांसमोर आणायचं. बाबांचं स्वप्न त्या जातीचं नाही. तरी एका सकाळी मी त्यांना विचारलं, "बाबा, गाडी गेल्यावर तुम्ही काय करता?"

"गेल्यावर? गेल्यावर जाग येते."

"जाग आली नाही तर?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. आई पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. बाबा पुलावर उभे असल्यासारखे समोर बघत राहिले.

"मागून प्रगती असते की," ते म्हणाले. "पास चालतो तिला." मग आईकडे वळून, "फक्त तिला डायनिंग कार नाही. क्वीनमधलं ते आमलेट मिळणार नाही."

"डबा आहे ना हातात," आई म्हणाली.